संगणकशास्त्रातला पदव्युत्तर प्रबंध: नियमपुस्तिकेपासून व्हायव्हापर्यंत

प्रबंधाचं काम नुकतंच हाती घेतलेल्याला "काय चाललंय?" असं विचारलं, की हमखास उत्तर येतं, "एक सिस्टिम बनवतोय." पुढच्या वर्षभराच्या बऱ्याच अडचणींचं मूळ या उत्तरात असतं. सिस्टिम बनवणं हे प्रोजेक्टचं काम झालं. प्रबंधाला एक विधान लागतं, जे खरं की खोटं हे तपासता येईल, आणि ते तपासल्याचा पुरावा लागतो. सिस्टिम त्या पुराव्याचा भाग असू शकते. कधीकधी तीही लागत नाही.

क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली एमआयटीत पदव्युत्तर प्रबंध लिहिला. त्याचा गाभा एका वाक्यात मावतो: रिले आणि स्विच यांच्या सर्किटचं विश्लेषण बूलच्या बीजगणिताने करता येतं. डिजिटल सर्किटची सगळी आखणी पुढे त्या वाक्यावर उभी राहिली. आपला प्रबंध तेवढा मोठा होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण गाभा एका वाक्यात सांगता आला पाहिजे, ही अट सगळ्यांना सारखीच.

पायरी १: नियमपुस्तिका आधी वाचा

कंटाळवाणं काम आहे, म्हणून बहुतेक जण ते शेवटच्या महिन्यावर ढकलतात. मग कळतं की गोषवारा (सिनॉप्सिस) प्रबंधाच्या काही महिने आधी मंजूर करून घ्यायचा होता, किंवा समितीतला एक सदस्य विभागाबाहेरचा हवा होता. सीनियरना जरूर विचारा, पण ते सांगतात ते त्यांच्या वर्षीचे नियम असतात. लेखी नियम स्वतः बघा.

बघायचं काय? तुमच्या अभ्यासक्रमात प्रबंध आणि प्रोजेक्ट रिपोर्ट हे वेगळे पर्याय आहेत का. गाईड कोण होऊ शकतं, बाहेरचा सहमार्गदर्शक चालतो का. समितीत किती जण. शब्दांची किंवा पानांची मर्यादा. छापून आलेला शोधनिबंध ही पूर्वअट आहे का. प्रबंध सादर करण्याची शेवटची तारीख आणि व्हायव्हा होऊन दुरुस्त्या मंजूर होण्याची शेवटची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदवी कधी हातात पडणार हे बहुधा दुसऱ्या तारखेवर ठरतं.

एक फरक सुरुवातीलाच समजून घ्या. पदव्युत्तर पातळीवर साधारणपणे एवढं दाखवायचं असतं, की तुम्ही एक प्रश्न घेऊन शिस्तीने, स्वतंत्रपणे संशोधन करू शकता. ज्ञानात ठसठशीत नवी भर ही पीएचडीची अपेक्षा आहे. हे न कळल्यामुळे काही हुशार मुलं अवाढव्य विषय घेऊन बसतात आणि अर्धवट सोडून नोकरीला लागतात.

नियम वाचून झाले की विभागाच्या ग्रंथालयातून अलीकडे मंजूर झालेले तीन प्रबंध काढा. विषय कोणताही असो. प्रकरणं किती, प्रयोगांना किती पानं दिलीत, प्रस्तावनेत दावा कुठे आलाय, एवढंच चाळा. नियमपुस्तिका जे सांगत नाही ते या तीन प्रबंधांत दिसतं.

पायरी २: गाईड

नावाजलेला गाईड चांगला, वेळ देणारा गाईड त्याहून चांगला. त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारा: लिहून दिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत मिळतं? प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी चार ओळींचा मेल पाठवा, काय ठरलं आणि पुढच्या वेळेपर्यंत मी काय करणार. सहा महिन्यांनी "मी असं कधी म्हणालो?" हा संवाद होणार असतोच, तेव्हा हे मेल कामी येतात.

पायरी ३: विषयाचा प्रश्न करा

क्षेत्र, विषय आणि प्रश्न या तीन पायऱ्या आहेत, आणि नवखे लोक दुसऱ्या पायरीवर थांबतात. एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू.

"वेब कॅशिंग" (पुन्हा पुन्हा मागितल्या जाणाऱ्या फाइली जवळच्या मर्यादित जागेत, म्हणजे कॅशमध्ये, ठेवणं) हे क्षेत्र. "कॅश भरली की कोणती फाइल आधी बाहेर काढावी" हा विषय. आणि प्रश्न असा: "मागणी अचानक उसळते तेव्हा, फाइलचा आकार लक्षात घेणारी पद्धत एलआरयूपेक्षा कमी वेळा चुकते का, आणि त्यासाठी किती जादा मेमरी लागते?" (एलआरयू म्हणजे सर्वांत जास्त काळ न वापरलेली फाइल आधी काढणं. चुकणं म्हणजे मागितलेली फाइल कॅशमध्ये न सापडणं.)

प्रश्न असा मांडला की पुढची कामं त्यातूनच बाहेर पडतात. "अचानक उसळते" म्हणजे नेमकं काय, याची मोजता येईल अशी व्याख्या हवी. तशी उसळी असलेल्या विनंत्यांच्या खऱ्या नोंदी हव्यात. एलआरयूची तुमच्या पद्धतीइतकीच काळजीपूर्वक लिहिलेली आवृत्ती हवी. मेमरी कशी मोजणार ते ठरवायला हवं. या चार गोष्टींची यादी करून गाईडसमोर ठेवली, तर गोषवाऱ्याचं निम्मं काम झालं.

आता या प्रश्नाची कसोटी घ्या: उत्तर "नाही" आलं तर प्रबंध उभा राहील का? वरच्या प्रश्नात राहतो. आकार बघूनही फायदा होत नाही, हे नीट दाखवलं आणि का होत नाही हे सांगितलं, तर तोही निष्कर्षच आहे. "मी एलआरयूपेक्षा चांगली पद्धत शोधेन" या प्रतिज्ञेत मात्र "नाही" ला जागाच नाही. आकडे मनासारखे आले नाहीत की मग आकड्यांशी खेळायचा मोह होतो.

पुरावा कोणत्या जातीचा लागेल, हेही याच टप्प्यावर ठरवा. अॅलन ट्युरिंग यांनी १९३८ साली प्रिन्स्टनमध्ये अलोंझो चर्च यांच्या हाताखाली पीएचडी केली. तो प्रबंध शुद्ध तर्कशास्त्राचा, तिथे सिद्धता हाच पुरावा. आयव्हन सदरलँड यांचा १९६३ चा 'स्केचपॅड' हा प्रबंध पडद्यावर प्रकाशलेखणीने चित्र काढू देणाऱ्या प्रत्यक्ष प्रणालीचा होता. रॉय फील्डिंग यांनी २००० सालच्या प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात रेस्ट ही वेबवरच्या प्रणालींची रचनाशैली मांडली. तिथे आधीच्या शैलींची तुलना, एकेक बंधन घालत केलेला युक्तिवाद आणि वेबची मानकं घडवतानाचा अनुभव हा पुरावा होता. तिन्ही संगणकशास्त्रच, पण परीक्षकाने प्रत्येकाला वेगळे प्रश्न विचारले असते. तुमच्या कामात माणसांवर चाचणी असेल, म्हणजे कुणाला इंटरफेस वापरायला देऊन वेळ मोजणार असाल, तर नीतिमत्ता समितीची परवानगी चाचणीच्या आधी लागते. नंतर मिळालेली परवानगी बहुतेक ठिकाणी धरत नाहीत आणि गोळा केलेली माहिती वाया जाते.

पायरी ४: आधी काय झालंय ते वाचा

संगणकशास्त्राची एक खासियत नवख्यांना माहीत नसते. इथे महत्त्वाचं बरंचसं काम आधी परिषदांत छापलं जातं, नियतकालिकांत नंतर किंवा कधीच नाही. त्यामुळे फक्त नियतकालिकं शोधलीत तर निम्मं क्षेत्र सुटेल. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली सुरू झालेली डीबीएलपी ही सूची परिषदनिहाय, लेखकनिहाय शोधायला उत्तम. गूगल स्कॉलरचा खरा उपयोग पुढे जाण्यासाठी आहे: जुना निबंध सापडला की त्याचा संदर्भ नंतर कुणी कुणी दिला, ते बघा. १९९१ पासून चालणाऱ्या अर्काइव्ह (arXiv) या खुल्या संकेतस्थळावर नवं काम लवकर दिसतं, पण तिथला निबंध समीक्षकांच्या नजरेखालून गेलेलाच असेल असं नाही. वापरा, पण पुढे तो परिषदेत छापला गेला असेल तर संदर्भ त्या आवृत्तीचा द्या.

वाचताना एक तक्ता ठेवा. चार रकाने पुरतात: दावा काय, कोणत्या डेटावर, कुणाशी तुलना, कुठे कमी पडतं. पन्नास ओळी भरल्या की प्रकरणाची रचना आपोआप दिसू लागते. ज्यांच्याकडे तक्ता नसतो त्यांचं दुसरं प्रकरण "अमुक यांनी हे केलं, तमुक यांनी ते केलं" अशी हजेरी होऊन बसतं.

आपल्या उदाहरणात काय सापडेल? लास्लो बेलाडी यांनी १९६६ साली मेमरीतल्या पान-अदलाबदलीच्या पद्धतींची तुलना करताना वापरलेली कल्पना: जे सर्वांत उशिरा लागणार आहे ते आधी काढा. भविष्य माहीत असल्याशिवाय हे करता येत नाही, पण सगळ्या वस्तू एकाच आकाराच्या असतील तर यापेक्षा कमी चुका शक्यच नाहीत. मग २००३ साली मांडलेली एआरसी, जी अलीकडे वापरलेलं आणि वारंवार वापरलेलं यांचा तोल स्वतःच साधते. तुम्ही दुसऱ्या प्रकरणात एआरसीचं कौतुक केलंत आणि पाचव्या प्रकरणात तुलना फक्त एलआरयूशी केलीत, तर व्हायव्हातला पहिला प्रश्न तुम्ही स्वतःच लिहून दिलात.

संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या साधनात टाका. चॅटबॉटने सुचवलेला प्रत्येक संदर्भ उघडून बघा. अस्तित्वात नसलेले निबंध ते खऱ्या लेखकांच्या नावावर बिनदिक्कत खपवतात, आणि परीक्षकांपैकी एखाद्याच्याच नावावर तसा निबंध निघाला तर पुढचं काय सांगावं.

पायरी ५: प्रयोग

सर्वांत जास्त प्रबंध इथे लंगडे पडतात, म्हणून जरा सविस्तर.

तुलना कुणाशी, हा पहिला प्रश्न. तळाला एक साधी पद्धत हवी, मध्ये आजची चांगली मानली जाणारी पद्धत हवी, आणि शक्य असेल तर वरची मर्यादाही. कॅशच्या उदाहरणात एलआरयू, एआरसी आणि बेलाडी असे तीन खांब मिळतात. तुमची पद्धत एलआरयूपेक्षा दोन टक्क्यांनी सरस ठरली, हे वाचून कुणी हलणार नाही. पण एलआरयू आणि आदर्श यांच्यातलं अंतरच पाच टक्क्यांचं होतं, असं दाखवलंत तर तेच दोन टक्के भरीव वाटतात. मात्र फाइलींचे आकार वेगवेगळे असतील तेव्हा बेलाडीची पद्धत आदर्श राहत नाही. आपल्या प्रश्नात आकारच तर मध्यवर्ती आहे, म्हणून वरची मर्यादा वेगळी काढावी लागेल किंवा ही अडचण स्पष्ट लिहावी लागेल. असल्या बारकाव्यांतूनच परीक्षक तुम्हाला जोखतो.

दुसरं, एकदा मोजून भागत नाही. २००९ साली छापलेल्या एका शोधनिबंधाने दाखवून दिलं, की युनिक्सच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा एकूण आकार बदलला किंवा फाइली जोडण्याचा क्रम बदलला, तरी तोच प्रोग्राम कमीजास्त वेगाने धावतो. मेमरीत स्टॅक कुठून सुरू होतो ते सरकतं, एवढंच कारण पुरतं. हा फरक इतका होता, की कंपायलरचं एक ऑप्टिमायझेशन उपयोगाचं की नाही हा निष्कर्षच उलटू शकत होता. लॉगिनचं नावही याच व्हेरिएबलमध्ये असतं, म्हणजे लांब नावाच्या माणसाचे आकडे वेगळे येऊ शकतात! म्हणून मोजमाप पुन्हा पुन्हा करा, परिस्थिती मुद्दाम थोडी बदलून करा, आणि सरासरीबरोबर पसाराही द्या. प्रतिसादाचा वेळ मोजत असाल तर नुसती सरासरी फसवते. मध्यक आणि ९९ वा शतमक (पर्सेंटाइल) द्या, कारण वापरणाऱ्याला त्रास होतो तो त्या शेवटच्या एक टक्क्यात. जावासारख्या भाषेत सुरुवातीच्या काही फेऱ्या जावाच्या आभासी यंत्राच्या तयारीत ('वॉर्म-अप'मध्ये) जातात, त्या हिशेबात धरू नका.

तिसरं, मशिन लर्निंगवाल्यांसाठी. चाचणीचा डेटा चाचणीलाच उघडायचा. पॅरामीटर जुळवायला तिसरा, वेगळा भाग ठेवा. चाचणीच्या डेटाची शिकवण्याच्या डेटात गळती फार चोरपावलांनी होते: आधी सगळ्या डेटाचं प्रमाणीकरण केलं आणि मग तुकडे पाडले, किंवा एकाच रुग्णाचे दोन एक्स-रे, एक शिकवायच्या ढिगात आणि एक चाचणीच्या. आकडे झकास येतात आणि ते खोटे असतात. अनपेक्षित चांगला निकाल आला की पेढे वाटण्याआधी गळती शोधा. शंभरात एकच नमुना आजारी असेल, तर "कुणीच आजारी नाही" म्हणणारा प्रोग्रामही ९९ टक्के अचूक ठरतो. तिथे अचूकतेचा आकडा निरुपयोगी, प्रिसिजन (आजारी म्हटलेल्यांपैकी खरोखर आजारी किती) आणि रिकॉल (खरोखर आजारी असलेल्यांपैकी सापडले किती) द्या. यादृच्छिक सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) किमान पाच तरी बदलून बघा आणि सगळे निकाल सांगा, सर्वांत चांगला एकटाच नको.

चौथं, तुमच्या पद्धतीत तीन नव्या कल्पना असतील तर एकेक काढून पुन्हा मोजा. बरेचदा असं निघतं की सगळा फायदा एकाच कल्पनेचा होता. वाईट वाटतं, पण प्रबंध सुटसुटीत होतो.

आणि नोंदी. प्रत्येक आलेखामागे कोणता कमिट (कोडची जतन केलेली आवृत्ती), कोणती सेटिंग, कोणतं यंत्र, कोणती तारीख, हे लिहिलेलं असायला हवं. मी ते एकदा केलं नव्हतं. तिसऱ्या प्रकरणातली एक आकृती मला पुन्हा काढता येईना, कारण ती काढणारी स्क्रिप्ट मी मधल्या काळात "सुधारली" होती. दोन आठवडे गेले, आणि शेवटी जो आकडा मिळाला तो आधीच्यापेक्षा कमी होता. तेव्हापासून माझा नियम एकच: एक आज्ञा दिली की कच्च्या आकड्यांपासून सगळे आलेख नव्याने तयार झाले पाहिजेत. हाताने एक्सेलमध्ये काढलेला आलेख प्रबंधात जाऊ द्यायचा नाही.

पायरी ६: लिहायला घ्या, पण मधून

वाचायचा क्रम आणि लिहायचा क्रम वेगळा. पद्धत आणि प्रयोग ही प्रकरणं आधी लिहा, काम ताजं असताना. मग आधीचं काम, मग निष्कर्ष, मग प्रस्तावना. सारांश सर्वांत शेवटी, आणि त्यात प्रश्न, पद्धत, मुख्य आकडा आणि मर्यादा हे चारही हवेत. "या प्रबंधात कॅशिंगचा अभ्यास केला आहे" हा सारांश नव्हे, ते शीर्षकच लांबवलेलं आहे.

प्रस्तावनेत "या प्रबंधाचं योगदान" असा परिच्छेद ठेवा आणि प्रत्येक मुद्द्यापुढे प्रकरणाचा क्रमांक द्या. घाईतला परीक्षक सारांश, हा परिच्छेद, आकृत्या आणि निष्कर्ष एवढं आधी वाचतो. गटात काम केलं असेल तर तुमचा वाटा कोणता, हेही इथेच सांगून टाका.

मर्यादांचा विभाग लिहायला लाजू नका. तुमच्या नोंदी एकाच सर्व्हरच्या होत्या, तर लिहा. तुम्ही लिहिलं की ती मर्यादा असते. परीक्षकाने शोधून काढलं की ती चूक होते.

साधन कोणतं? गणित, कोड आणि शेकडो संदर्भ असतील तर लाटेक. डोनाल्ड कनूथ यांच्या टेक या अक्षरजुळणी प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ऐंशीच्या दशकात हा थर चढवला आणि संगणकशास्त्रात तोच रूढ आहे. विभागाचा तयार साचा असेल तर तो घ्या, समास स्वतः जुळवत बसू नका. सगळ्या फाइली गिटमध्ये (आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) ठेवा, आणि गिटची प्रत दुसऱ्या यंत्रावरही. आकृत्या व्हेक्टर स्वरूपात काढा, अक्षांना नाव आणि एकक द्या, आणि एकदा काळ्यापांढऱ्यात छापून बघा; लाल आणि हिरवी रेघ तिथे एकसारखीच दिसते.

पायरी ७: उसनं काय, स्वतःचं काय

साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा टक्का हा निकाल नसतो. संदर्भसूची आणि ठरावीक वाक्प्रयोग यांनीही तो वाढतो. उलट, शब्द फिरवून चोरलेली कल्पना त्यात दिसत नाही. वाक्य दुसऱ्याचं असेल तर अवतरणचिन्ह आणि संदर्भ, कल्पना दुसऱ्याची असेल तर संदर्भ, आकृती दुसऱ्याची असेल तर परवानगीसुद्धा. स्वतःच्या आधी छापलेल्या निबंधातला मजकूर वापरतानाही तसं नमूद करावं लागतं, आणि प्रकाशकाचे हक्क तपासावे लागतात. दुसऱ्याचा कोड घेतलात तर त्याचा परवाना वाचा: एमआयटी परवाना श्रेय मागतो, जीपीएल त्यापुढे जाऊन तुम्ही वाटलेल्या कोडवरही आपल्या अटी लावतो. एआयची मदत कितपत चालते याचे नियम संस्थेगणिक वेगळे आहेत. जी मदत घेतली ती उघड सांगा.

कोड आणि डेटा कायमस्वरूपी कुठेतरी ठेवा. गिटचा दुवा उद्या तुटू शकतो. सर्न ही युरोपीय संशोधन संस्था चालवत असलेल्या झेनोडो या साठ्यावर एक आवृत्ती चढवली की तिला डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) मिळतो, तो प्रबंधात छापा.

पायरी ८: सादर करणं आणि व्हायव्हा

शेवटच्या दोन आठवड्यांत नवा प्रयोग सुरू करायचा नाही. त्या काळात बांधणीच्या बाजूचा समास, सुरुवातीच्या पानांचे रोमन आकडे, सह्यांचं पान, पीडीएफमध्ये फाँट बसवलेत की नाही असली कामं असतात आणि ती वाटतात त्यापेक्षा जास्त वेळ खातात. कागदपत्रांवर सही करणारं कुणीतरी नेमकं त्याच आठवड्यात रजेवर असतं.

व्हायव्हाच्या आधी आपलाच प्रबंध एकदा परक्यासारखा वाचून काढा, प्रत्येक पानावर एक शंका लिहा. हे प्रश्न तर येतातच: तुमचं योगदान एका वाक्यात सांगा. हीच तुलना का निवडली? आज पुन्हा सुरुवात केली तर काय वेगळं कराल? हा आकडा कसा आला? शेवटच्या प्रश्नासाठी मुख्य स्लाइडनंतर जादा स्लाइड तयार ठेवा. उत्तर येत नसेल तर "हे मी तपासलेलं नाही, पण असं तपासता येईल" म्हणा. परीक्षकाला तेवढं पुरतं. अडखळत रचलेलं उत्तर मात्र त्याला लगेच ओळखू येतं, कारण त्याने स्वतःच्या व्हायव्हात तेच केलेलं असतं.

निकाल बहुधा "दुरुस्त्यांसह मंजूर" असा येतो. घाबरू नका, हाच नेहमीचा निकाल आहे. परीक्षकांचा प्रत्येक मुद्दा एका तक्त्यात लिहा, शेजारी काय बदललं आणि कोणत्या पानावर, ते लिहा. एखादी सूचना पटली नसेल तर का बदललं नाही, तेही तिथेच दोन ओळींत. नव्या प्रतीबरोबर हा तक्ता जोडून पाठवा. तो नसेल तर परीक्षकाला अख्खा प्रबंध पुन्हा वाचावा लागतो, आणि या वेळी त्याला आधी सुटलेल्या चुकाही दिसतात.